बांडीच्या पोटातला रस

अनुसया तालुक्याहून पंपाची नवी नळी घेऊन परतली, तेव्हा अंगणातल्या चुलीवर मटण शिजत होतं. मुलीला बघायला पाव्हणे आले होते. तिने गोठ्यात डोकावलं. बांडी शेळी दिसली नाही.

माळावर आता घाणेरीशिवाय काही उगवत नव्हतं. ती खाल्ली की शेळ्या आजारी पडत. पचायची ती फक्त बांडीला. तिच्या पोटातले जंतू प्रयोगशाळेतही जगले नव्हते. म्हणून दर महिन्याला तिच्या पोटातला रस पंपाने काढून बाकीच्यांना पाजायचा, तेव्हा कुठे त्यांच्या गळपट्ट्यांवरचे तब्येत दाखवणारे दिवे हिरवे राहायचे. आज दोन दिवे पिवळे झाले होते.

"बांडी कापलीसा?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मग पाव्हण्यांपुढं हाडकं वाढायची?" म्हाळाप्पा म्हणाला. "तीच एक अंगानं भरलेली. आन् सगळ्यांस्नी रस पाजलाय की मागल्या महिन्यात."

"म्हैन्यात उतरतोय त्याचा गुण. दर खेपेला सांगते, तुमच्या डोसक्यात शिरत न्हाई. तिचं पोट तरी कुठं हाय? गरम असंल तर अजून रस निघंल."

"त्याची वजडी केलीया. चुना लावून घासलंय, म्या सोत्ता."

अनुसयाने नळी दाराशी टाकली आणि ताटं वाढायला घेतली.

थोरल्या पाव्हण्याने पहिला घास घेतला, थांबला, रस्सा हुंगला.

"घाणेरीचा वास मारतोय वो," तो ओशाळून म्हणाला. "वाईच डाळ असली तर बघा."