फेस आला नाही

राखीने आधी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि मग त्यात थेंब थेंब ॲसिड सोडलं. मोरी धुवायचंच ॲसिड होतं, नेरच्या दुकानातलं. ते पाण्यात घालायचं, पाणी त्यात नाही, असं तिने आईला, जमनीला, दोनदा बजावलं, कारण आईला काहीतरी मदत करायचीच होती.

शेवटी राखीने तिच्या हाती मोबाइल दिला. पडद्यावर सर होते, भूशास्त्रातल्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचे मार्गदर्शक. जमनीने फोन असा धरला होता, की सरांना संत्र्याची दोन झाडं आणि तिचा अर्धा कान दिसत होता.

"बाई, जरा खाली घ्या," सर म्हणाले. "हां, आता दिसतोय."

ओसरीच्या पायरीवर तो दगड होता. लिंबाएवढी गारगोटी, आणि तिच्या एका खाचेत निळ्या स्फटिकांचा पापुद्रा, नखाएवढा. विभागाच्या सहलीत, राजस्थानातल्या एका बंद खाणीच्या ढिगाऱ्यात राखीला तो सापडला होता. सरांनी तिथेच सांगून टाकलं होतं, ॲझुराइट. तांब्याचा निळा दगड. विभागाच्या कपाटात हवे तेवढे पडले आहेत. राखी म्हणत होती, लिनाराइट. त्यात तांब्याबरोबर शिसंही असतं, आणि तो क्वचितच मिळतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. ओरखडा काढून पाहावं तर एवढ्याशा पापुद्र्याचा भुगाच झाला असता.

नागपूरच्या क्ष-किरण यंत्रावर सोमवारी विभागाचा एकच नमुना तपासला जाणार होता. ॲझुराइटसाठी सर ती जागा घालवणार नव्हते. आज काही दाखवता आलं नाही, तर ती वर्गातल्या रजतच्या दगडाला जाणार होती आणि राखीला प्रबंधाचा विषय नव्याने शोधावा लागणार होता.

शेजारच्या बसंतीबाई विळा मागायला आल्या होत्या, त्या विळा घेऊन तिथेच बसल्या. हे तं मोरचूद हाय, म्हणाल्या, आमी संत्र्यावर फवारतो थे. मोरचूद असतं तर पाण्यात विरघळलं असतं, आणि हा दगड रात्रभर पाण्याच्या तांब्यात पडून होता, पाणी निळं झालं नाही, असं देवसिंगने त्यांना समजावलं. लेकीकडून सकाळीच ऐकलेलं तो आता आपलंच असल्यासारखं सांगत होता.

"याचा रंग राहीन ना?" जमनीने विचारलं.

"नाही राहायचा, याडी," राखी आईला म्हणाली. "माह्यं बराबर असन तं पांढरा पडन. चुकलं असन तं फेस येईन."

"म्हंजे दोन्हीकडून नासनच. मंग कायले टाकून राह्यली? मले दे. कांचळीवर आरशाच्या मधात टाकतो मी." तिने अंगातल्या आरशांच्या चोळीवर बोट ठेवलं.

राखीने ड्रॉपर पेल्यात बुडवला. दुसरा दगड नव्हता. म्हणूनच इतके दिवस त्यावर थेंब टाकायला तिचा हात धजला नव्हता.

ॲसिडमध्ये दम आहे का, ते आधी बघ, असं सर म्हणाले. तिने एक थेंब पायरीच्या फरशीवर सोडला. फरशी चुनखडीची. सर्रकन फेस उसळला.

"पोरीनं माही फरशी खाल्ली," देवसिंग म्हणाला. सरही हसले.

मग तिने ड्रॉपर दगडावर धरला. थेंब टोकाशी लोंबत राहिला. तिने अलगद दाबलं. थेंब निळ्यावर पडला, पसरला आणि तसाच राहिला. एकही बुडबुडा नाही.

"काहीच नाही झालं," बसंतीबाई म्हणाल्या.

"थांबा," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला होता.

पापुद्र्याच्या कडेला काहीतरी धुरकटलं. धुकं आत सरकत गेलं. निळं मळलं, फिकं झालं, आणि बघता बघता थेंबाखालचा सगळा भाग चुन्यासारखा पांढरा पडला. फेस आला नाही.

जमनीचा हात तोंडावर गेला आणि फोन आभाळाकडे.

"बाई, फोन," सर ओरडले. "फोन खाली."

राखीने दगडावर स्वच्छ पाणी सोडलं आणि आईचं मनगट धरून फोन जवळ आणला. पांढरं धुऊन गेलं नाही.

"वरचीच साय आहे ती, खाली निळं शिल्लक असेल," सर म्हणाले. "तपासायला तेवढं पुरे. सोमवारी घेऊन ये. रजतला मी सांगतो." मग फोन बंद करायचं विसरून ते स्वतःशीच म्हणाले, "लिनाराइट. वा गं पोरी."

राखी मटकन पायरीवर बसली आणि हसायला लागली. इतकी, की देवसिंगने तिला पाणी आणून दिलं.

शेतातून परतणाऱ्या बाया ओसरीपाशी थांबल्या. दगड या हातातून त्या हातात गेला. निळा होता, माह्या पोरीनं त्याचा रंग उतरवला, असं जमनी प्रत्येकीला सांगत होती, आणि कुणी हळहळलं तर रागावत होती. राखी मागून हिंडत होती: खाचीले बोट लावू नका, शिसं हाय त्याच्यात, हात धुवा, साबणानं धुवा.

तांड्याच्या नळावर बायांची रांग लागली. एसटीतून उतरलेली, तांड्यातलीच कोकिळा पिशवी घेऊन येत होती, ती थबकली. एवढ्या जणी एकदम हात काहून धुऊन राह्यल्या, तिने विचारलं.

बसंतीबाई कोपरापर्यंत साबण चोळत होत्या.

"राखीचा दगड पाह्यला आमी," त्या म्हणाल्या. "तू नाही पाह्यला अजून?"

कोकिळाने पिशवी नळाशीच ठेवली आणि ती ओसरीकडे निघाली.