माशाच्या पोटात

माशाच्या कापडातल्या जाळीतून तिला तो दिसला आणि तिचं पाऊल चुकलं. मागून येणाऱ्या सिस्टरचा अंगठा तिच्या टाचेवर पडला.

"अगं, चाल ना!" सिस्टर कुजबुजली. सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स. वर्षभर रोगी सांभाळायची आणि नदी महोत्सवाच्या मिरवणुकीत माशाची शेपटी.

मासा चाळीस फूट लांब. निळं-हिरवं कापड, आत वेताची मोठाली कडी, आणि प्रत्येक कड्याखाली एक अशी आठ माणसं पट्ट्यांनी आवळलेली. पट्ट्याचं बकल पाठीवर, त्यामुळे स्वतःचं स्वतःला सोडता येत नसे. पुढे नावाड्यांची जुनी गाणी म्हणणारे, मागे ढोलवाले, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. कापड तिनंच, शिवणवालीनं, इतर बायकांबरोबर शिवलं होतं; महिनाभर खपली होती बिचारी.

"तो आलाय," ती म्हणाली.

"कोण?"

"पोरीचा बाप."

सिस्टरला एवढं पुरे होतं. दोन वर्षांपूर्वी शिवणवाली या शहरात आली, तेव्हा तिच्या कपाळाचे टाके सिस्टरनंच काढले होते.

"पोरगी कुठाय?"

"शाळेत."

"मग निम्मा घोर मिटला. तू चालत राहा."

बाहेर तो एका स्वयंसेविकेला वर्तमानपत्राचं कात्रण दाखवत होता. मासा शिवणाऱ्या बायकांचा फोटो. फोटोला शिवणवाली नको नको म्हणत होती, पण महोत्सवाच्या बाई म्हणाल्या होत्या, "अहो, आपल्या नदीची कला जगाला कळू दे." जगाला कळली. स्वयंसेविकेनं हसून माशाकडे बोट केलं.

घाटावर पोचलं की पट्टे सोडायचे, आठही जणांनी बाहेर येऊन लोकांना नमस्कार करायचा, असं ठरलेलं होतं. घाट शंभर पावलांवर आला होता.

सिस्टरनं तिच्या खांद्यावरून पुढच्याला काहीतरी सांगितलं. त्यानं त्याच्या पुढच्याला. निरोप पार माशाच्या तोंडापर्यंत, मास्तरांपर्यंत गेला. मास्तर म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. थोड्या वेळानं उलटा निरोप आला, "मास्तर म्हणतात, थांबायचं नाही."

"आता भेटूया माशाच्या पोटातल्या कलाकारांना!" निवेदक माइकवर ओरडला. मासा घाटाशी आला आणि तसाच पुढे गेला. "मासा लाजला बरं का!" निवेदकानं सावरून घेतलं. लोक हसले. ढोलवाल्यांना वाटलं रस्ता बदलला. तेही मागोमाग निघाले.

तो आता माशाला लागून चालत होता. ती नेमकी कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं. त्यानं डोक्यापासून सुरुवात केली. कापडाशी तोंड नेऊन म्हणाला, "दमली असशील. बाहेर ये. घरी जाऊ." मग दुसऱ्या कड्यापाशी. मग तिसऱ्या. तेच वाक्य, तोच गोड आवाज. कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, किती जपतो हा बायकोला!

सहाव्या कड्यापाशी वाक्य संपलं. सातवी ती होती. तिनं श्वास रोखला. कापडाला लागून त्याची सावली आली.

इतक्यात मासा थबकला.

"पूल आलाय," पुढून मास्तरांचा आवाज आला. "फार ठेंगणा आहे. उभ्यानं नाही जाता येणार."

"मग बसून जाऊ," सिस्टर म्हणाली.

आणि आठही जण गुडघ्यांवर बसले. मासा जमिनीला टेकला आणि रांगत पुलाखाली शिरला. माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आत अंधार झाला. शिवणवालीला आता खालच्या फटीतून फक्त रस्ता दिसत होता, आणि पॉलिश केलेल्या दोन चपला. चपला थांबल्या. त्यांच्या शेजारी एक गुडघा टेकला. कापडाची कड वर उचलली गेली.

उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतलं काही दिसेना. "बाहेर ये," तो म्हणाला. या वेळी आवाज गोड नव्हता.

"कोण पाहिजे?" मास्तरांनी विचारलं. "इथं एकच मासा आहे. सोडा, आम्हाला पुढे जायचंय."

त्यानं कापड सोडलं नाही. उलट मुठीला पीळ देऊन घट्ट धरलं. मासा पुढे सरकेना. मागून ढोल येऊन भिडले, त्यामुळे मागे जायलाही वाट उरली नाही.

"पकडला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "त्यानं मासा पकडला!"

सगळा रस्ता हसू लागला. लोक तालात टाळ्या वाजवू लागले. पकडला, पकडला. ढोलांनीही तोच ठेका धरला.

आत, अंधारात, शिवणवालीचा एक हात कुणीतरी धरला. मग दुसरा आणखी कुणीतरी.