पंधराच्या पंधरा

निपाणीत उजाडलं होतं, पण शेवंताबाई मोबाइल हातात घेऊन येरझाऱ्याच घालत होत्या. त्यांची डॉक्टर लेक पारमिता कॅरिबियनमधल्या चिमुकल्या बेटावर राहायची, आणि तिचा तिथलाच नवरा निवडणुकीला उभा होता. पंधराच्या पंधरा जागा सत्ताधाऱ्यांनी जिंकल्या. जावई पार आपटला. तिथं अजून आदली रात्रच होती; व्हिडिओ कॉलवर विजयी मिरवणुकीचे ढोल लेकीच्या दारापर्यंत येताना ऐकू आले. कुणीतरी दार बडवू लागलं. "उघडू नगंस गं, तुझ्या पाया पडते!" शेवंताबाई ओरडल्या. पारमितानं दार उघडलं. जिंकलेल्या पक्षाचा टी-शर्ट घातलेला माणूस फटाक्यानं भाजलेला हात धरून कळवळत होता. "आई, थांब जरा," म्हणत ती मलम शोधायला लागली. जावयानं त्याला बेसिनपाशी नेऊन हात वाहत्या पाण्याखाली धरला. लग्नापासून जावयाचं नावही न घेणाऱ्या शेवंताबाईंनी विचारलं, "पारू, जावई सकाळधरनं जेवलेत का न्हाय गं?"