एक दिवस आधी

वेशीतून आत शिरताच मावशींनी नकाशाची घडी घालून तो पर्समध्ये कोंबला. कुणी हाताला धरून दाखवतं ते गाव निराळं आणि आपण चुकतमाकत हिंडतो ते निराळं. मावशींना दुसरं हवं होतं.

लेकीला त्यांनी उद्याचं विमान सांगितलं होतं आणि आजच येऊन थडकल्या होत्या. उद्या लेकीनं पसंत केलेल्या मुलाच्या घरी जेवण होतं, लग्नाचं पक्कं करायला. पण पाहुण्यांसाठी आवरलेल्या घरावरून काय कळणार? मावशींचं शिवणाचं दुकान होतं. कापड उलटून बघितल्याशिवाय त्या कधी हो म्हणत नसत. मनाला पटलं नाही तर उद्या जेवणाच्या टेबलावरच नकार द्यायचा, असं त्या ठरवून आल्या होत्या.

पंचाईत अशी, की तटाच्या आतलं ते जुनं परदेशी गाव त्यांना आवडायला लागलं. गल्ल्या इतक्या अरुंद, की सायकल आली की भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे, आणि सायकलवाला हसून मान लववत पुढे जाई. वर या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोऱ्या, त्यांवर धुणं. मावशींनी मान वर करून एका शर्टाची शिलाई तपासली. बरी होती.

मुलाच्या वडिलांचं खुर्च्या विणायचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. एक टक्कल पडलेला माणूस मांडीवर खुर्ची घेऊन वेत ओढत होता आणि स्वतःशीच गुणगुणत होता. मावशी दारावरून दोनदा गेल्या. त्यानं दोन्ही वेळा हसून बघितलं, विकत घ्या म्हणाला नाही.

तटावर चढणाऱ्या पायऱ्यांवर त्यांच्याच वयाची एक बाई मटार सोलत बसली होती.

"बसा, दम खा," ती म्हणाली. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं.

मावशी टेकल्या. न सांगताच मूठभर शेंगा उचलून सोलायला लागल्या.

"खाली ते खुर्च्यांचं दुकान आहे ना, माणसं कशी आहेत हो?"

"खुर्ची घ्यायचीय?"

"बघू."

"बाप अगदी गरीब गाय. मुलगा गुणी, पण सकाळी त्याला उठवता उठवता नाकी नऊ येतात."

"आणि आई?"

बाईनं एक किडकी शेंग दूर भिरकावली. "तिच्या जिभेला हाड नाही. ज्यात त्यात नाक खुपसते. पण माणूस आपलं म्हटलं की जीव टाकते. सुनेशी भांडेल, पण तिला उपाशी झोपू देणार नाही."

मावशींच्या छातीवरचा दगड उतरला. विमानात बसल्यापासून पहिल्यांदाच त्यांना भूक लागली. खाली कौलांवर ऊन पसरलं होतं आणि लेक इथे राहील हे आता तितकंसं अवघड वाटत नव्हतं.

"लांब दिली तरी मुलगी रोज फोन करेल," बाई म्हणाली. "मी करायला लावीन."

मावशींच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"तुमचा फोटो लेकीनं केव्हाच दाखवलाय," बाई हसत म्हणाली. "ती जीभवाली मीच."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं. असं चोरून यायला नको होतं. आईचा जीव, राहवलं नाही. रागावलात?"

"कुठल्या तोंडानं रागावू?" बाईनं सोललेल्या मटारांचं भांडं उचललं आणि दुसऱ्या हातानं मावशींना उठवलं. "गेल्या महिन्यात मी तुमच्या गावी येऊन गेले. मुलाला सांगितलं, बहिणीकडे जाते. तुमच्या शेजारणीनं मला चहा पाजला आणि तुमच्याबद्दल सगळं सांगितलं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. तरी मी लग्नाला हो म्हटलं."