तीनदाच चालणारी लिंक

शुभांगी नेरे गावात शिकवणी घ्यायची. बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायकांसाठी तिनं गणिताचं पुस्तक लिहिलं आणि स्वतःच्या छोट्या वेबसाइटवर विकायला ठेवलं. पैसे भरले की डाउनलोडची लिंक जायची, ती तीनदाच चालायची. एका सकाळी तिला दिसलं, एकाच लिंकवर अकरा वेळा प्रयत्न झालेत. कुणीतरी पुस्तक गावभर फुकट वाटतंय, असं वाटून तिनं ती लिंक घेणाऱ्या बाईंना रागानं फोन लावला.

"वाटतीया कुटली, ताई!" पलीकडून मुठा गावाच्या वरच्या वाडीतल्या यमुनाबाई म्हणाल्या. "हितं घरात रेंज न्हाई. टेकडीवर जाऊन बसतीया, पर निम्मं उतरलं की तुटतंय. परीक्षा तर म्हैन्यावर आली."

शुभांगी ओशाळली. तिनं पुस्तकाचे धड्यागणिक तुकडे केले आणि महिनाभर चालेल अशी नवी लिंक पाठवली.

चौथ्या दिवशी यमुनाबाईंचाच फोन आला. "समदं उतरलं. आता आणखी एक पुस्तक पायजे, सुनेसाठी. तीबी बसतीया परीक्षेला."

"अहो, एका घरात दोन कशाला? तुमचंच वाचू दे की तिला."

"तसं नगं. ह्याच्या पानापानावर खाली माझं नाव छापून आलंय."

पुस्तक घेणाऱ्या प्रत्येकीचं नाव शुभांगी चोरी पकडता यावी म्हणून घालायची.

"रेशनकार्ड, आधारकार्ड सोडलं तर माझं नाव आजवर कुटं छापलेलं न्हाई, ताई. सुनेच्या पुस्तकावर तिचं येऊ द्या."