हवेवर जगणारं झाड

हरिदासनं बारदाना पुन्हा एकदा बादलीत बुचकळला, अर्धवट पिळला आणि ऑर्किडभोवती पडद्यासारखा टांगला. सकाळचे नऊच वाजले होते, पण नाचणगावातला एप्रिल; अंगणातली फरशी आतापासूनच पायाला चटके देत होती.

भागीरथा तांदूळ निवडता निवडता पाहत होती. एसटीच्या डेपोत तीस वर्षं इंजिनं खोलणारा हा माणूस. दारातल्या तुळशीला त्यानं कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. डेपोतला एक जुना सोबती कोकणातल्या सहलीवरून आला, त्यानं याच्या हातात सावंतवाडीकडच्या कुठल्याशा रोपवाटिकेचं कार्ड ठेवलं, आणि दिवाळीनंतर कुरिअरनं हे रोप घरात आलं. आंब्याच्या सालीवर सुतळीनं बांधलेलं, मुळं उघडी, लोंबती.

"माती नाई, कुंडी नाई. जगते कशावर हे?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"हवेवर. हवेतल्या ओलीवर. तिकडं आसामकडच्या डोंगरातली जात हाय. निळं फूल येते म्हणते. आपल्या इकडं कोणाजवळच नाई."

माणसं बोअरचं पाणी प्यायची, रोपाला मात्र कॅनचं. उन्हं वाढली तसा कूलर ओसरीत आला. दुपारी भागीरथा खोलीत घामानं निथळायची आणि गार वारा रोपाला लागायचा.

दर रविवारी दहा वाजता तो रोपवाटिकेच्या मॅडमना फोन लावायचा. फोन साधा, बटनांचा. फोटो पाठवायची सोय नाही, म्हणून सगळं तोंडी सांगावं लागायचं.

"हो मॅडम. खालचं पान जरासं पिवळं हाय... दोनदा फवारतो, हो... मुळं पांढरी दिसली का पाणी द्याचं, हिरवी दिसली का नाई. समजलं." मग थोडं थांबून, आवाज उतरवून, "तुमच्याकडचं लहान रोप कसं हाय?... तिसरं पान? वा!"

फोन ठेवून तो स्वतःशीच हसायचा. ते हसू भागीरथाच्या काळजाला डाग दिल्यासारखं लागायचं.

अकरा वर्षांपूर्वी सुरभी गेली. एकुलती एक लेक, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. त्या संध्याकाळी हरिदासच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मोरीवर जाऊन त्यानं डोक्यावरून पाणी घेतलं आणि म्हणाला, "ऊठ, तूही आंघोळ कर. आता तिचं नाव या घरात काढाचं नाई." तिरडी नाही, तेरवी नाही, फोटोला हार नाही, फोटोच उतरवला. बसायला आलेल्या बायका दारातूनच माघारी गेल्या. बायकोला तो 'सुरभीची आई' अशी हाक मारायचा, तीही त्या दिवसापासून बंद झाली. भागीरथाला रडायचं असलं की ती कांदे चिरायला घ्यायची.

आणि आता हाच माणूस पानावरची धूळ ओल्या कापसानं पुसत होता.

"पोटच्या लेकराले एवढं जपलं असतं तर..." एकदा तिच्या तोंडून निघूनच गेलं.

हरिदासचा हात थांबला. थोड्या वेळानं त्यानं कापूस पुन्हा भिजवला.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला. बारदाना अर्ध्या तासात वाळून कडक व्हायचा. पानं उकडल्यासारखी झाली, मुळांचा कागद झाला. चौथ्या दिवशी मधला कोंब हरिदासच्या बोटांत अलगद सुटून आला. कोंब हातात घेऊन तो कितीतरी वेळ उकिडवा बसून राहिला. मग परसात जाऊन त्यानं लहानसा खड्डा केला.

भागीरथाला राग होता, तरी तिला पाहवलं नाही. "जाऊ द्या," ती म्हणाली. "दुसरं मागवा."

"मागवाचं तर मेलं म्हणून सांगा लागन." त्यानं हाताची माती झटकली. "एवढंही जगवता नाई आलं, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

रविवारी दहाला तो खुर्ची टाकून बसला. समोर नुसती साल टांगलेली.

"हो मॅडम, मजेत हाय. नवीन मूळ फुटलं. टोक कसं हिरवंगार..."

भागीरथाच्या हातातलं सूप हातातच राहिलं.

ते तिथंच थांबलं नाही. आषाढात रोपाला सहावं पान आलं. पोळ्याला कळ्यांचा दांडा निघाला, गणपतीत कळ्या सात झाल्या. रिकाम्या सालीकडे बघत तो एकेक सांगायचा आणि पलीकडचं मान हलवून ऐकायचा. डोक्यावर परिणाम झाला, दुसरं काय. भागीरथानं हे कोणाजवळ बोलून दाखवलं नाही.

पितृपक्षात तो न्हाणीत पडला. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. बारा दिवसांनी घरी आणला तो उजवी बाजू आणि वाचा तिथंच ठेवून. ओसरीत खाट टाकली. पडल्या पडल्या तो कोनाड्यातल्या फोनकडे बघत राहायचा. शेवटी भागीरथानं तो चार्जिंगला लावला.

रविवारी अकराच्या सुमारास फोन वाजला. हरिदासचा डावा हात वर आला. घशातून नुसताच आवाज निघाला.

भागीरथानं फोन कानाला लावला. अकरा वर्षांचं साचलेलं तिच्या ओठांशी आलं होतं.

"मॅडम, मी त्यायची बायको बोलून राह्यली. त्यायले लकवा मारला, बोलता येत नाई. अन् तुमचं ते झाड मेलं. मे महिन्यातच मेलं. मूळ नाई, कळी नाई, सारं खोटं सांगत होते तुमाले. आता फोन नका करू."

फोन कटला असं समजून ती तो खाली ठेवणार, तेवढ्यात एक श्वास ऐकू आला.

"मले माहीत हाय, आई."