डोळं मिटलं न्हाईत

माझ्या कॅमेऱ्याला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. मग ती सख्ख्या काकांनी का ठेवेनात!

आकारामकाका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. तासगावच्या मळ्यात, बेदाण्याच्या शेडसमोर, भर दुपारी ते छाती काढून उभे राहिले. मी पोर्ट्रेट मोडवर फोटो काढला. फोटोत त्यांचे डोळे मिटलेले.

"काका, पापणी हलवू नका."

"हालवली न्हाई! बॉर्डरवर रात्र-रात्र डोळं मिटलं न्हाईत मी. अपेक्षा, तुजं मशीनच खुळं हाय."

मी शटर स्पीड वाढवला. मग बर्स्ट मोड लावून धडाधड फोटो काढले. सगळ्यांत डोळे मिटलेले. आणि समोर काका टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे रोखून बघत होते.

शेजारी उभ्या काकूचा फोटो काढला, तर तिचे डोळे उघडे.

"बघा! कॅमेरा चांगलाच आहे."

"म्हंजे मी खोटं बोलतूय व्हय गं?"

माझं डोकंच फिरलं. कॅमेऱ्यातला काकांचा फोटो मोबाईलवर घेतला आणि एडिटिंगच्या अ‍ॅपमधलं डोळे उघडायचं बटण दाबलं. फोटोतले डोळे हळूच उघडले. हुबेहूब काकांचेच. मी सेव्ह केलं.

"घ्या, उघडले एकदाचे!" म्हणत मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला.

काकांनी मोबाईलकडे पाहिलंच नाही. डोळे तसेच टक्क उघडे ठेवून, त्या रणरणत्या उन्हात ते खेकसले,

"लाईट कुणी घालवली गं?"